‘नको’ म्हणणाऱ्या पेशंटला पुन्हा विचारायचं का?

पत्र थोडक्यात: अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका शहरात डायलिसिस सेंटरमध्ये नर्स असलेल्या मराठी वाचक मैत्रिणीचं हे पत्र आहे. त्यांच्या सेंटरमध्ये येणारे बहुतेक पेशंट कृष्णवर्णीय आणि लॅटिनो आहेत. वर्षापूर्वी पेशंटना किडनी ट्रान्सप्लांटची, म्हणजे प्रत्यारोपणाची, माहिती देण्याचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी इंग्रजी आणि स्पॅनिश माहितीपत्रकं जमवली, टॅबवर व्हिडिओ दाखवले, प्रत्येक खुर्चीपाशी जाऊन समजावलं. तरी तयार झाले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. सहा वर्षं डायलिसिसवर असलेले एक साठीचे कृष्णवर्णीय गृहस्थ म्हणतात, ‘मी इथं बरा आहे, माझ्यावर प्रयोग नकोत.’ मेक्सिकोहून आलेल्या एक बाई नुसती मान डोलावतात आणि त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा दुभाष्याचं काम करतो. मॅनेजर म्हणतात, ‘तू सांगितलंस ना, मग फॉर्मवर टिक कर आणि पुढं चल.’ आमच्या मैत्रिणीचा प्रश्न असा: त्यांचा नकार मान्य करून गप्प बसायचं, की मागं लागायचं? आणि मी परदेशातून आलेली बाई, मला तो हक्क तरी आहे का?

प्रिय मैत्रीण,

‘कधी कधी वाटतं, या लोकांना स्वतःच्या जिवाची किंमतच नाही,’ असं लिहून पुढच्याच ओळीत तुम्ही माफी मागितलीत. माफीचं राहू द्या. मी त्या वाक्यापाशी थांबले आणि हिशेब केला. सहा वर्षं, आठवड्यातून तीनदा. तुमचे ते गृहस्थ तुमच्या खुर्चीत ९३६ वेळा बसलेत. दर वेळी दोन जाड सुया, चार तास एकाच जागी, मशीन सुटल्यावर पिळून काढलेल्या कपड्यासारखं घरी जाणं, आणि एक दिवस सोडून पुन्हा हजर. जिवाची किंमत नसलेला माणूस हे करत नाही. तेव्हा त्यांच्या ‘नको’चा अर्थ दुसरीकडे शोधायला हवा.

तुम्ही काय काय सांगितलंत हे पत्रात सविस्तर आहे. काय विचारलंत, याचा मात्र कुठंच उल्लेख नाही. ट्रान्सप्लांटबद्दल त्यांनी कुणाकडून काय ऐकलंय? ओळखीत कुणाचं झालंय का, आणि ते कसं गेलं? ‘प्रयोग’ म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर नेमकं काय आहे? कदाचित भावाची किडनी दोन वर्षांत रिजेक्ट झाली असेल. कदाचित कुणीतरी सांगितलं असेल, की आधी जुन्या किडन्या काढून टाकतात. (बहुतेकांच्या काढत नाहीत. नवी किडनी ओटीपोटात खाली एका बाजूला बसवतात. हे ऐकून चकित झालेले पेशंट तुम्हीही पाहिले असतील.) आपल्याला ठाऊक नसलेल्या भीतीला आपण माहितीपत्रकानं उत्तर देत असतो, मग ते लागू पडायचं कसं?

शिवाय जागेचा विचार करा. डायलिसिसची खुर्ची म्हणजे अत्यंत वाईट वर्ग. माणूस जागचा हलू शकत नाही म्हणून आपल्याला ती सोयीची वाटते, एवढंच. अंगात थंडी भरलेली, बीपी खाली चाललेलं, पलीकडच्या खुर्चीवरचा शेजारी दोन हातांवर, आणि समोर टॅब घेऊन उभी असलेली नर्स. पैशाचं, लघवीचं, नवरा-बायकोच्या संबंधांचं, मुलांकडे किडनी मागण्याचं कोण बोलेल तिथं? तिथं सगळ्यात लवकर सुटका करून देणारा शब्द म्हणजे ‘नको’, नाहीतर मुकाट मान डोलावणं. जमलं तर शिफ्टच्या आधी दहा मिनिटं बाजूच्या खोलीत बसा. नाहीच जमलं तर पहिल्या तासात बोला, शेवटच्या तासात तर मुळीच नको. आणि एका वेळी एकच गोष्ट.

आता ‘प्रयोग’ या शब्दाकडे येते. अलाबामातल्या टस्कगीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्यानं सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना नुसतं ‘पाहत’ ठेवलं. पेनिसिलिन हाती आल्यावरसुद्धा. दक्षिणेत साठी गाठलेल्या माणसाला हा इतिहास पुस्तकातून कळलेला नसतो. तरी एक सांगते, प्रत्येक नकाराला टस्कगीचं लेबल लावायची सवयही बरी नव्हे. अविश्वास जुना आहे, दुसऱ्या कुणाच्या पापामुळं आहे, असं म्हटलं की आपण मोकळे!

किडनीच्याच बाबतीत अगदी अलीकडची गोष्ट आहे. किडनी किती काम करते हे रक्तातल्या क्रिएटिनिनवरून (किडनी गाळून टाकते त्या टाकाऊ द्रव्यावरून) काढायचं जे सूत्र वापरात होतं, त्यात पेशंट कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला आणखी एका आकड्यानं गुणत. कोणतं सूत्र यावर अवलंबून, उत्तर सुमारे १६ ते २१ टक्क्यांनी वाढायचं. म्हणजे तेवढंच क्रिएटिनिन असूनही कागदावर त्यांची किडनी जास्त चांगली दिसायची. ट्रान्सप्लांटच्या वेटिंग लिस्टवर डायलिसिसच्या आधीच प्रतीक्षेचा काळ मोजला जाण्यासाठी सूत्राचं हे उत्तर २० किंवा त्याखाली यावं लागतं. मग कोण उशिरा पोचणार, हे सांगायला नको. २०२२ मध्ये ट्रान्सप्लांटच्या राष्ट्रीय व्यवस्थेनं असं सूत्र वापरायला बंदी घातली आणि २०२३ च्या जानेवारीपासून लिस्टवर असलेल्या कृष्णवर्णीय पेशंटचा बुडालेला काळ भरून द्यायला सेंटरांना भाग पाडलं. तुमच्याकडच्या लिस्टवरच्या प्रत्येक कृष्णवर्णीय पेशंटच्या बाबतीत ही दुरुस्ती तपासली गेली आहे का, एवढं ट्रान्सप्लांट सेंटरला फोन करून विचारा. नवा पेशंट पाठवताना डायलिसिसच्या आधीचे जुने रक्ताचे रिपोर्टही सोबत जाऊ द्या. आणि ‘व्यवस्थेनं चूक केली होती, ती आता सुधारतायत’ हे त्या गृहस्थांना सरळ सांगा. आपली चूक कबूल करणाऱ्याचं पुढचं बोलणं माणूस जरा कान देऊन ऐकतो.

त्यांना सांगण्यासारखी दुसरी बातमी तर याहून मोठी आहे, आणि मला शंका आहे की ती त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नाही. २०१४ च्या डिसेंबरपासून नियम असा आहे, की लिस्टवर नाव आज घातलं तरी प्रतीक्षा डायलिसिस सुरू झाल्याच्या दिवसापासून धरली जाते. सहा वर्षांनी आता रांगेच्या शेपटाला उभं राहायचं, मग मिळणार कधी, असा हिशेब करून कित्येक जण नाद सोडतात. तुमच्या गृहस्थांची सहा वर्षं त्यांच्या खात्यात जमा आहेत. ही सहा वर्षं फुकट गेली नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलंय का? सेंटरमधल्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा या एका वाक्यात जास्त दम आहे.

आता थोडं कडू. तुम्ही लिहिलंय, की ‘ज्यांची तयारी दिसते’ अशांना तुम्ही जास्त वेळ देता. तयारी दिसते म्हणजे काय दिसतं? इंग्रजी नीट बोलतो, एकही शिफ्ट बुडवत नाही, मुलगी गाडीनं सोडायला येते. फाइलमध्ये ‘वारंवार गैरहजर’ असा शेरा असतो, पण पेशंटला आणणारी व्हॅन आठवड्यातून एकदा येतच नाही हे तिथं लिहिलेलं नसतं. ‘हा कुठं जन्मभर गोळ्या घेणार,’ असं मनात येतं आणि आपली चाळणी आपल्या नकळत चालू होते. ही चाळणी ट्रान्सप्लांट सेंटरच्या डॉक्टरांनी, सगळ्या तपासण्या झाल्यावर लावायची असते. आपलं काम पाठवायचं.

मॅनेजरांचा तो टिकचा चौकोनही याच चाळणीचा भाग. अमेरिकेत डायलिसिस सुरू होताना सरकारला जो २७२८ क्रमांकाचा फॉर्म जातो, त्यात पेशंटला ट्रान्सप्लांटचा पर्याय सांगितला का, हा प्रश्न आहे. प्रश्न चांगला, पण तो विचारला जातो माणूस नुकताच मशीनला जोडला गेलेला असताना. छातीत कॅथेटर, डोळ्यांसमोर अंधार आणि कानात पंधरा नवे शब्द. त्या आठवड्यात सांगितलेलं किती जणांच्या लक्षात राहतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. टिक खरी असली तरी सांगणं व्हायचं राहिलेलंच असतं.

सेंटरनं मनावर घेतलं तर फरक पडतो, याला पुरावा आहे. जॉर्जिया राज्यात ट्रान्सप्लांटचं प्रमाण देशात तळाला होतं. तिथल्या १३४ डायलिसिस सेंटरांत झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. काही सेंटरांमध्ये पेशंटबरोबर कर्मचाऱ्यांनाही शिकवलं आणि त्यांचे स्वतःचे आकडे त्यांच्यापुढं ठेवले. वर्षभरात तिथून तपासणीसाठी पाठवल्या जाणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, कृष्णवर्णीय आणि गोऱ्या पेशंटमधली तफावतही घटली. हा प्रयोग मॅनेजरांच्या टेबलावर जरूर ठेवा. नुसतं पाठवल्यानं किडनी मिळत नाही हे खरंच, त्याबद्दल पुढं लिहिते.

त्याआधी त्या बाई आणि त्यांचा मुलगा. मैत्रीण, हे मात्र उद्यापासूनच थांबवा. अमेरिकी नियमांनुसारही आणीबाणी सोडली तर अल्पवयीन मुलाला दुभाषा करता येत नाही, पण नियम बाजूला ठेवा. चौदा वर्षांच्या पोरानं आईला ‘डायलिसिसवर आयुष्य कमी होतं’ हे वाक्य कोणत्या तोंडानं सांगायचं? ते तो गाळणारच. आणि जिवंत दात्याची गोष्ट निघाली, की त्या माउलीच्या मनात पहिली भीती ही, की हा पोरगा मोठा झाल्यावर स्वतःची किडनी देऊ करेल. ती मान का डोलावते, मला तरी कळतं. विषय लवकर संपावा म्हणून. फोनवरचा प्रशिक्षित दुभाषा मागवा. माहितीपत्रक स्पॅनिशमध्ये असणं आणि संवाद स्पॅनिशमध्ये होणं यात फार अंतर आहे. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न रुग्णालयात २००६ च्या अखेरीस लॅटिनो पेशंटसाठी वेगळा ट्रान्सप्लांट कार्यक्रम सुरू झाला. तिथं डॉक्टर, नर्स, समन्वयक सगळे स्पॅनिश बोलणारे, आणि माहिती पेशंटला एकट्याला न देता घरच्यांसकट बसवून द्यायची पद्धत. जिवंत दात्यांकडून होणारी ट्रान्सप्लांट तिथं वाढली.

त्या बाईंच्या मनात कागदपत्रांची धास्ती असण्याचीही शक्यता आहे. तुम्ही विचारू नका. एवढंच कानावर घाला, की लिस्टवर नाव घालायला नागरिकत्वाची अट नाही. अडचण येते ती इन्शुरन्सची, आणि त्यातला मार्ग सोशल वर्करनं शोधायचा. धर्माचंही तसंच, स्वतःहून काढू नका. त्यांनी काढलं, तर पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० मध्ये रोमला ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांच्या परिषदेत अवयवदानाला उघड पाठिंबा दिला होता, हे माहीत असलेलं बरं.

पैशांची भीती मात्र खोटी समजू नका. निव्वळ किडनीच्या आजारामुळं मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, मिळालेल्यांचं मेडिकेअर ट्रान्सप्लांटनंतर ३६ महिन्यांनी संपायचं, आणि मग रिजेक्शन रोखणाऱ्या गोळ्यांचा खर्च अंगावर यायचा. ही गोष्ट वस्तीत सगळ्यांना ठाऊक असते. १ जानेवारी २०२३ पासून, दुसरा इन्शुरन्स नसेल तर फक्त या गोळ्यांसाठी मेडिकेअर पुढंही चालू ठेवता येतं, हे मात्र फार थोड्यांपर्यंत पोचलंय. त्याच वर्षापासून ट्रान्सप्लांटआधीची दातांची तपासणीही मेडिकेअरमध्ये आली. हसू नका, दातांच्या दाखल्यापायी महिनोन् महिने अडकलेल्या फाइली तुमच्याच कपाटात सापडतील. अपंगत्वाचे पैसे बंद होतील ही भीतीसुद्धा खरी आहे. ट्रान्सप्लांटनंतर वर्षभर अपंगत्व आहे असं धरून चालतात, मग फेरतपासणी होते. जो माणूस त्या पैशांवर नातवंडांसकट घर चालवतो, त्याला ‘तब्येत महत्त्वाची की पैसे’ असं विचारणं क्रूरपणाचं आहे.

दाता शोधण्याचं ओझं पेशंटवर टाकू नका, हे मी सगळ्याच वाचकांना सांगेन. ‘मला तुझी किडनी दे’ हे वाक्य कुणालाही उच्चारता येत नाही. आई-बाप मुलांकडे मागत नाहीत, मुलांनी देऊ केली तरी घेत नाहीत. बोस्टनमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिक्षक कृष्णवर्णीय पेशंटच्या घरी गेले, नातेवाईक आणि मित्र गोळा करून सगळ्यांसमोर बोलले. दवाखान्यातल्या माहितीपेक्षा यातून दाता म्हणून चौकशी करणारे आणि तपासणीला येणारे लोक जास्त निघाले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पेशंटच्या वतीनं बोलणारा एखादा मित्र किंवा नातेवाईक निवडून त्यालाच तयार करतात. तुम्हाला घरोघरी जाता येणार नाही. पण ‘तुमच्या वतीनं कोण बोलेल?’ एवढं विचारून त्या बहिणीला, मेहुण्याला किंवा चर्चमधल्या मित्राला एकदा बोलावता येईल.

दात्याशी बोलताना विक्रेता होऊ नका. शस्त्रक्रियेत दगावण्याचा धोका जुन्या मोठ्या अभ्यासात दहा हजारांत सुमारे तीन होता, अलीकडे तो आणखी कमी झालाय. पुढं आयुष्यात किडनी निकामी होण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी, पण न देणाऱ्या निरोगी माणसापेक्षा जास्त, आणि कृष्णवर्णीय दात्यांमध्ये इतर दात्यांपेक्षा जास्त. पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळणारे एपीओएल-१ या जनुकाचे काही प्रकार किडनीला घातक ठरतात, त्याची चाचणी होते. दात्याची तपासणी आणि शस्त्रक्रिया पेशंटच्या इन्शुरन्समधून होते, प्रवासाला आणि बुडालेल्या पगाराला काही अटींवर सरकारी योजनेतून मदत मिळते, आणि पुढं कधी दात्यालाच किडनी लागली तर लिस्टवर त्याला प्राधान्य असतं. हे सगळं सांगा, धोकाही तितक्याच स्पष्टपणे सांगा. धोका लपवला आणि तो नंतर दुसरीकडून कळला, तर त्या घरात तुमचा शब्द कायमचा गेला.

तर गप्प बसायचं की मागं लागायचं? मला दोन्ही पटत नाहीत. गप्प बसणं म्हणजे अर्धवट माहितीवर दिलेल्या नकाराला आदराचं नाव देणं. मागं लागलात, तर तुम्हाला बघून पेशंट डोळे मिटून झोपेचं सोंग घेतील. मधला रस्ता रटाळ आहे. नकार आला तर कारण त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि विचारा, ‘तीन महिन्यांनी पुन्हा विचारलं तर चालेल?’ चालेल म्हणाले तर तारीख घाला आणि त्या तारखेला खरंच विचारा. कारण बदललेलं असतं, कधी माणूसही.

काही नकार मात्र खरे असतात. ट्रान्सप्लांट म्हणजे बरं होणं नव्हे. रोजच्या गोळ्या, संसर्गाची धास्ती, आणि किडनीही कायमची नाही. मृत दात्याची सरासरी दहा-बारा वर्षं, जिवंत दात्याची त्याहून जास्त. १९९९ च्या एका मोठ्या अभ्यासात लिस्टवर थांबलेल्यांच्या तुलनेत किडनी मिळालेल्यांचा मृत्यूचा धोका पुढं जाऊन निम्म्याहूनही कमी झालेला दिसला, पण शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तो उलट जास्त होता. हे सगळं आपल्या भाषेत ऐकून, स्वतःच्या शब्दांत परत सांगून, मग कुणी ‘मला नको’ म्हणालं, तर तिथं तुमचं काम संपलं. मनाला लावून घेऊ नका.

ज्यांनी होकार दिलाय, त्यांच्याकडे दुर्लक्ष होतंय का तेही पाहा. मी मघाशी म्हटलं ते हेच. पाठवणं, तपासणीची तारीख, हृदयाच्या आणि कॅन्सरच्या चाचण्या, लिस्टवर नाव, आणि नाव ‘चालू’ राहणं, या प्रत्येक पायरीवर माणसं गळतात. कित्येकांना वाटतं आपण लिस्टवर आहोत, आणि एक राहिलेली चाचणी किंवा बदललेला फोन नंबर यापायी त्यांचं नाव महिन्यांपासून थांबवून ठेवलेलं असतं. महिन्यातून एकदा ट्रान्सप्लांट सेंटरकडून तुमच्या पेशंटची यादी मागवा आणि प्रत्येकाचं कुठं अडलंय ते बघा. हे वाचणाऱ्या पेशंटच्या घरच्यांनीही फोन करून एवढंच विचारावं, ‘आमचं नाव आज चालू आहे का?’

राहिला तुमच्या परकेपणाचा प्रश्न. त्यांच्या लेखी तुम्ही मराठी नाही आणि भारतीयही नाही. तुम्ही सुई टोचणारी नर्स आहात, आणि सुई नीट टोचत असाल तर तुमच्यावर त्यांचा बराच विश्वास आधीपासूनच आहे. ‘मीही अल्पसंख्याकच’ असं म्हणून जवळीक साधायला जाऊ नका, ते दुःख वेगळं आहे. त्यापेक्षा त्यांच्यातलाच, ट्रान्सप्लांट झालेला एखादा जुना पेशंट बोलवा. शक्यतो ज्याचं सगळं सुरळीत झालं नाही, पण जो तरीही ‘पुन्हा करेन’ म्हणतो, असा.

सुरुवात त्या गृहस्थांपासून करा. टॅब नको, माहितीपत्रक नको. शिफ्टच्या आधी बाजूला बसा आणि म्हणा, ‘मागच्या वेळी तुम्ही प्रयोग नको म्हणालात. मी तेव्हा विचारलंच नाही, तुम्ही काय पाहिलंय?’ मग गप्प राहा, ते बोलून होईपर्यंत. सहा वर्षांच्या जमाखात्याचं नंतर सांगा. त्या बाईंसाठी फोनवरच्या दुभाष्याची वेळ ठरवून घ्या. आणि पोराला त्या दिवशी बाहेर बसून त्याचा गृहपाठ करू द्या.